संगणकाचे शिक्षण कोपीपर्यंत गेले पाहिजे



गाळप हंगाम तोंडावर आला आहे. तोडणी-वाहतुकीचे करार होत आले, बॉयलरची दुरुस्ती आटोपली आणि वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीसही बहुतेकांच्या हाती पडली असेल. सभेत उसाचा दर, कपाती, कर्जाचे हप्ते यांवर बोलणे होईलच, आणि ते झालेच पाहिजे. पण आणखी एक विषय सभेपुढे यावा अशी आमची इच्छा आहे. पैशाच्या दृष्टीने तो लहान आहे. तरीही आपल्या सहकाराची परीक्षा पाहणारा आहे, म्हणून सभेआधी चार गोष्टी मांडतो.

गेले दोन हंगाम आपल्या कार्यक्षेत्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयाची काही मुले-मुली रविवारी ऊसतोड कामगारांच्या तळावर येतात आणि तिथल्या पोरांना संगणकशास्त्राचे धडे देतात. कुणी हुकूम केला नव्हता, मानधन नाही. आता त्यांनी कारखान्याकडे दोन गोष्टी मागितल्या आहेत. तळाजवळ वीज असलेली एक पत्र्याची खोली हवी, आणि कार्यालयातील जुने संगणक भंगारात न काढता या कामाला मिळावेत. एवढीच मागणी आहे. पण त्यावर गावोगावच्या पारावर जे बोलले जाते ते आमच्या कानावर आले. "आवं, कोयत्यावाल्याच्या पोराला कॉम्प्युटर शिकवून काय करायचं? उद्या ऊस कोण तोडणार?" असे एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "आधी आपल्या पोरांचं बघा की!" हे प्रश्न आपल्याच माणसांनी विचारले आहेत. ते हसण्यावारी न नेता त्यांना उत्तर दिले पाहिजे.

कॉलेज कुणाच्या पैशावर उभे राहिले?

पहिल्यांदा थोडे मागे पाहू. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह चालवले. त्यांच्या शिक्षणसंस्थांतून बहुजनांच्या किती घरांत पहिला शिकलेला माणूस निघाला याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पुढे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० मध्ये उभा राहिला, आणि कारखान्याच्या मागोमाग शाळा आल्या, दवाखाने आले. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यानंतर लोणी, वारणानगर, इस्लामपूर अशा साखरपट्ट्यातल्या गावांत इंजिनिअर तयार होऊ लागले. ज्याच्या आजोबाने मोट हाकली त्याचा नातू पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत बसला.

हे सारे उसाच्या टनामागच्या कपातीतून आणि सभासदांच्या देणगीतून झाले, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेच आहे. पण तो टन आपल्या शेतातून गव्हाणीपर्यंत पोचला कसा? बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून आलेल्या नवरा-बायकोच्या कोयत्याने तो तोडला, डोक्यावर मोळी वाहून गाडीत भरला. आपल्या कॉलेजच्या इमारतीत त्यांच्याही घामाची वीट आहे. त्या कॉलेजातली पोरे आपण होऊन त्या कोयत्याच्या लेकरांपर्यंत जात असतील तर ते धर्मादाय म्हणता येणार नाही. ते जुने देणे आहे.

नुसता डबा आणून शिक्षण होत नाही

संगणक आणि सहकारी साखर कारखाना यांची गाठ काही आजची नाही. १९९८ साली वारणा परिसरातल्या सत्तर गावांत संगणक बसवण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ही गावे. देशभर त्याचा गाजावाजा झाला, परदेशातून माणसे पाहायला आली. शेतकऱ्याला गावात बसून बाजारभाव कळेल, शेतीचा सल्ला मिळेल, मुले संगणक शिकतील अशी कल्पना होती. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले तेव्हा ते संगणक मुख्यत्वे उसाच्या नोंदी, टनेज, खताची उचल एवढ्याच कामाला लागलेले आढळले. पुढे काही गावांत तेच काम मोबाइलच्या संदेशावर करून पाहिले, आणि ते स्वस्तात झाले.

वारणेने उसाच्या हिशेबाचे काम गावात आणले ही मोठीच गोष्ट होती. नवा प्रयोग करायला छाती लागते. त्यातून आपण घ्यायचा धडा असा की, यंत्र गावात आले म्हणजे ज्ञान गावात आले असे होत नाही. यंत्रापुढे ऑपरेटर बसतो आणि शेतकरी खिडकीबाहेर चिठ्ठी घेऊन उभा राहतो. पूर्वी तलाठ्यापुढे उभा होता, आता स्क्रीनपुढे. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आली. सातबारा ऑनलाइन मिळतो, वजनकाट्याची पावती संगणकातून निघते, बारामतीला उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग झाले. किती सभासदांना हे स्वतः हाताळता येते? बहुतेकांचे बोट नातवाच्या हातात आहे. ज्यांच्या घरी शिकलेला नातू नाही त्यांनी काय करायचे?

म्हणून संगणक चालवणे वेगळे आणि संगणकाचा विचार समजणे वेगळे. बटण दाबायला कुणीही चार दिवसांत शिकतो. पण हे यंत्र हिशेब कसा करते, त्याला काम कसे सांगायचे, ते कुठे चुकते, आणि ते सांगते ते खरे कशावरून मानायचे, हे कळणे म्हणजे संगणकशास्त्र. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून मुलांना प्रोग्रॅमिंगची ओळख करून द्यावी असे म्हटले आहे. शहरातल्या खाजगी शाळेत त्याची तयारी होईल. दिवाळीच्या सुमारास आईबापाबरोबर गाव सोडणाऱ्या आणि गुढीपाडव्याच्या आसपास परतणाऱ्या पोराला ही ओळख कोण करून देणार?

वीज नाही, संगणक नाही, तरी वर्ग भरतो

तळावर वीज नाही, नेट नाही, कोपीत धड बसायला जागा नाही. मग तिथे संगणक शिकवणार कसा, असे आम्हीही विचारले. तेव्हा कळले की याची वाट दुसऱ्यांनी पूर्वीच काढून ठेवली आहे. न्यूझीलंडमधले प्राध्यापक टिम बेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे खेळ तयार केले. जगभर शाळांतून ते खेळले जातात. खडू आणि पुठ्ठा एवढ्यावर काम भागते.

एक खेळ असा. पाच पुठ्ठे घ्यायचे. त्यांवर अनुक्रमे १, २, ४, ८ आणि १६ ठिपके काढायचे. पाच पोरे ओळीत उभी राहतात. कुणी पुठ्ठा उघडा धरायचा, कुणी पालथा. उघड्या ठिपक्यांची बेरीज ती संख्या. तेरा हवे असतील तर आठ, चार आणि एक उघडे, बाकीचे पालथे. शून्यापासून एकतीसपर्यंत प्रत्येक आकडा असा दाखवता येतो. संगणकाच्या पोटात सारे आकडे असेच, 'आहे' आणि 'नाही' या दोनच खुणांनी लिहिलेले असतात. मोळ्या मोजायची सवय असलेल्या पोराला हे समजायला वेळ लागत नाही.

दुसरा खेळ तर आपल्या शेतकी खात्यानेही खेळावा असा आहे. जमिनीवर खडूने रेघा आणि गोल काढतात. सहा पोरे हातात एकेक आकडा घेऊन एका टोकाला उभी राहतात आणि रेघांवरून चालू लागतात. गोलात दोघांची गाठ पडली की आकडे ताडून पाहायचे. लहान आकडा डावीकडच्या रेघेने जायचा, मोठा उजवीकडच्या. असे करीत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सहाही जण आपोआप लहान-मोठ्या क्रमाने लागलेले असतात. आकड्यांच्या जागी लागणीच्या तारखा लिहिल्या की झाला आपला तोडणीचा क्रम! आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा, कुणाचा ऊस आधी आणि कुणाचा मागून, यावरून दरवर्षी गट ऑफिसात भांडणे होतात. तो क्रम लावणे हेच संगणकाचे काम. आपण ज्याला तोडणी कार्यक्रम म्हणतो, तो नियमांनी बांधलेला 'प्रोग्रॅम'च असायला पाहिजे. नियम आधी ठरलेला आणि सर्वांना ठाऊक असला, की पुढाऱ्याच्या चिठ्ठीने क्रम बदलला तर तो पोरालाही दिसतो. संगणकाची जाण सर्वांना हवी ती याच्यासाठीही.

मागे कोण राहते?

सर्वांना म्हटले की काही जण न बोलता वगळले जातात. पहिल्या वगळल्या जातात मुली. तळावर धाकटे भावंड सांभाळायला, पाणी भरायला, चुलीपाशी बसायला मुलगी लागते. वर्ग भरला की मुलगे पुढे आणि मुली कुडाच्या आडून बघतात. बंगल्यातही फार वेगळे नाही. घरात एक लॅपटॉप असला तर तो आधी मुलाच्या खोलीत जातो. हा प्रश्न श्रीमंत देशातही होता. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्या शंभर जणांत मुली होत्या सात. पाच वर्षांनी, २००० साली त्या बेचाळीस झाल्या. त्यांनी अभ्यास सोपा केला नाही. आधी घरी प्रोग्रॅमिंग केलेले असले पाहिजे हा प्रवेशाच्या वेळचा अलिखित आग्रह सोडला आणि मुलींना एकटे पडू दिले नाही. तिथल्या विद्यार्थिनींनी स्वतःची संघटना बांधली आणि त्या शाळाशाळांत जाऊन मुलींशी बोलू लागल्या. जिला आपल्यासारखी दुसरी दिसते तिला वाटते की हे आपलेही आहे. सावित्रीबाईंच्या महाराष्ट्राला हे परक्याकडून शिकायची वेळ यावी याची थोडी लाज वाटते, पण शहाणपण कुठूनही घ्यावे.

दुसरी अडचण भाषेची. तळावरच्या पुष्कळ घरांत गोरमाटी बोलतात. त्या पोराला मराठीच शाळेत येऊन शिकावी लागली, आणि आता त्याच्यापुढे एकदम इंग्रजी शब्दांचा ढीग टाकायचा! आपल्या कॉलेजात बंजारा समाजातली मुले-मुली आहेत. त्यांना या कामात आणले तर पहिल्याच दिवशी निम्मी भीती जाईल. पहिल्या वर्षी इंग्रजीच्या धाकाने मागच्या बाकावर बसलेली आपली खेड्यातली पोरे ही गोष्ट प्राध्यापकांपेक्षा चांगली जाणतात. म्हणूनच हे काम विद्यार्थ्यांचे आहे.

तिसरे म्हणजे अंध आणि अपंग मुले. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी, एकाने २००६ साली सुरुवात करून आणि दुसऱ्याने हात देऊन, पडद्यावरचे वाचून दाखवणारा एनव्हीडीए नावाचा प्रोग्रॅम तयार केला. तो फुकट मिळतो, आणि मराठीही वाचतो. आपल्या गावात अंध मूल असेल तर त्याला भजनी मंडळात बसवून आपण मोकळे होतो. भजन चांगलेच आहे. पण त्याला दुसराही रस्ता आहे हे त्याच्या आईबापाला सांगणार कोण?

आक्षेपांना उत्तर

"पोरं शिकली तर ऊस कोण तोडणार?" याचे उत्तर सरळ दिले पाहिजे. शिकलेला पोरगा कोयता धरणार नाही, हे खरे आहे. पण आपल्या शेताला मजूर मिळावा म्हणून दुसऱ्याचे लेकरू अडाणी राहावे, हा विचार सहकाराच्या मांडवात शोभत नाही. आपल्या बापाविषयी सावकाराने असेच म्हटले होते. शिवाय ऊसतोडणीचे यंत्र फडात आलेच आहे. आज जो पोरगा वाढे गोळा करतो त्याच्या हातचे काम तो मोठा होईपर्यंत यंत्राने घेतलेले असेल. त्या दिवशी त्याच्याकडे ना कोयता ना अक्षर, अशी गत झाली तर त्याचा दोष कुणाच्या माथी जाईल?

"आधी आपल्या पोरांचं बघा." जरूर बघू. आमचे म्हणणे आहे की ही खोली फक्त तळाच्या पोरांची नको, गावातल्या शाळेचीही असावी. दोघांनी एका चटईवर बसावे. कर्मवीरांनी शंभर वर्षांपूर्वी पंगत एक केली. आपल्याला चटई एक करायला जमू नये?

"ही कॉलेजची पोरं फोटो काढतात आन् जातात." हा आक्षेप मात्र आम्हाला मान्य आहे. एक दिवस यायचे, खाऊ वाटायचा, बॅनर धरून फोटो काढायचा आणि सर्टिफिकेट न्यायचे, असली समाजसेवा आपण पुष्कळ पाहिली. असल्या पाहुण्यांनी पोरांचे काही भले होत नाही. उलट दर वेळी नवा चेहरा येतो आणि जातो, आणि पोराला कळते की आपल्यासाठी कुणी थांबत नाही. म्हणून खोली आणि संगणक द्यावेत, पण त्याबरोबर अटीही घालाव्यात.

काय करावे?

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्यात स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे असते, आणि एका युनिटमध्ये साधारण शंभर स्वयंसेवक असतात. हिशेब करून पाहा. हंगामाचे वीस रविवार धरले आणि दर रविवारी दोन तास, तर चाळीस तास शिकवणे झाले. तयारी आणि जाण्यायेण्याला तितकेच तास धरले तरी १२० च्या आतच बसते. एका तळाला चार जण दिले, तर शंभरांत पंचवीस तळ होतात. म्हणजे नवा पैसा फारसा लागत नाही. लागते ती शिस्त.

आमच्या सूचना अशा. एका तळाला नेमलेल्या चौघांनी हंगामभर तोच तळ सांभाळावा, आणि त्यांत निदान दोन मुली असाव्यात. वर्गाच्या दिवशी शाळेतली एखादी शिक्षिका किंवा अंगणवाडीताई हजर असावी, म्हणजे आईबाप मुलींना निर्धास्त पाठवतील. धाकटी भावंडे सांभाळायला त्याच खोलीत एक कोपरा असावा, नाहीतर मुली येणारच नाहीत. शिकवणे मराठीत आणि जमेल तिथे गोरमाटीत व्हावे. पोर काय शिकले याची नोंद एका कार्डावर करून ते कार्ड पट्टा पडताना त्याच्या हाती द्यावे, म्हणजे गावी गेल्यावर तिथल्या गुरुजींना पुढचा धागा सापडेल. आणि हे वर्ग रोजच्या शाळेच्या बदल्यात नसावेत. रोजची शाळा हा त्या पोराचा कायद्याने दिलेला हक्क आहे, तो रविवारच्या दोन तासांत फेडला असे कुणी समजू नये.

कारखान्याने तळाजवळ एक खोली आणि वीज द्यावी, जुने संगणक विद्यार्थ्यांकडून दुरुस्त करून घ्यावेत आणि कुठल्या तळावर किती मुले आहेत याची यादी गट ऑफिसने हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात तयार करावी. आपण सभासदांनी काय करायचे? ज्याच्या रानात टोळी उतरली आहे त्याने रविवारी ते दोन तास पोरांना फडात बोलवू नये, आणि मुकादमालाही तसे बजावावे. एवढे केले तरी निम्मे काम झाले.

आपल्या साखरेचे पोते देशभर जाते, आपली पोरे परदेशी जातात. पण कारखान्याच्या दिव्याखाली, यार्डापासून हाकेच्या अंतरावर, कोपीत अंधार आहे. तो कुणी सरकारी माणूस येऊन घालवील अशी वाट पाहण्यापेक्षा आपल्याच कॉलेजची पोरे कंदील घेऊन निघाली आहेत तर त्यांना तेल घालणे हे आपले काम आहे.

येत्या सभेत हा विषय मांडला जावा आणि सभासदांनी त्यावर मोकळेपणाने बोलावे अशी आमची नम्र विनंती आहे. ज्यांना सभेला येणे जमणार नाही त्यांनी आपले मत, मग ते विरोधाचे का असेना, गट ऑफिसात लेखी द्यावे. पुढच्या अंकात आम्ही ते जरूर छापू.